उजव्या पिळाची तगर

१

तगर ओळखायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. महादेवाच्या देवळामागं, विहिरीच्या काठाला, न्हाणीच्या सांडपाण्यावर ती कुठंही उभी असते; बारा महिने हिरवी, पान मोडलं की दूध गाळणारी, पांढऱ्या पाच पाकळ्यांची. लालासाहेब जगदाळ्यांची मात्र उभी हयात सांगलीच्या कॉलेजात असल्याच गोष्टी शिकवण्यात गेली होती, आणि त्यातून त्यांना एक खोड लागली होती. वाटेत तगर दिसली, की एक फूल खुडायचं, देठ दोन बोटांत धरायचा आणि पाकळ्यांचा पीळ बघायचा. भिंगरीच्या पात्यांसारख्या त्या पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या असतात. तगरीत त्या डावीकडं चढतात, कण्हेरीत उजवीकडं. 'तगर डावी, कण्हेर उजवी' हे त्यांनी किती पोरांकडून घोकून घेतलं असेल त्याला गणती नाही. उत्तर ठाऊक असताना पुन्हा बघण्यात काही अर्थ नव्हता, हे त्यांनाही कळत होतं. पण घराला कुलूप लावून निघालेला माणूस चार पावलांवरून परत येतो आणि कुलूप ओढून बघतो, तसं ते होतं. कुलूपही ते ओढून बघायचेच.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात उंब्रजला भावकीतलं एक लग्न होतं. पंगती उठल्या, मांडवात पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा शेजारच्या सुलाबाईनं त्यांना आणि त्यांच्या बायकोला, विजयमालाबाईंना, आपल्या घरात बोलावलं.

"या की मास्तर, आत या. नवरा-नवरी सावलीत आन् तुमीच उन्हात व्हय?"

सोप्यात सुलाबाईचा नवरा हरिबा बसला होता. पलटणीतून पेन्शनवर आलेला, दांडगा, पण गप्प माणूस. त्यानं डाव्या हातानं बशी उचलली आणि चहा प्यायला.

"डावखुरे दिसतात," विजयमालाबाई हळूच म्हणाल्या.

"आताशा," सुलाबाई म्हणाली, आणि पाणी आणायला परसात गेली.

तिच्यामागून विजयमालाबाईंसोबत परसात आलेले लालासाहेब थबकले. दुष्काळानं अख्ख्या गावाचा रंग उडाला होता. बाभळीसुद्धा करड्या झाल्या होत्या. आणि इथं मागच्या भिंतीला लागून पुरुषभर उंचीची तगर उभी होती, काळपट हिरवी, फुलांनी पांढरी झालेली. सवयीनं त्यांनी फूल खुडलं. देठ बोटांत धरला.

पीळ उजवीकडं होता.

त्यांनी चष्मा धोतराला पुसला. दुसरं फूल घेतलं, तिसरं घेतलं. पान मोडून बघितलं, दूध आलं. पान तगरीचं, चीक तगरीचा, कळीची ठेवण तगरीची. आपण फूल पाठीमागून तर बघत नाही? विद्यार्थी हीच चूक करतात. नव्हते बघत.

"हे बघ जरा," ते बायकोला म्हणाले. "पाकळ्या कुठल्या बाजूला वळल्यात?"

"माझ्या बाजूला."

"अगं, नीट बघ."

"अहो, फूल आहे ते. डोक्यात घालायचं, नाही तर देवाला वाहायचं. त्याची उलटतपासणी कसली घेताय?"

पण लालासाहेब चौथं फूल खुडत होते. कुठल्याही पुस्तकात असली तगर नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांनी शोधलेलं शिकवलं. स्वतःच्या नावावर गवताची काडी नाही. म्हातारपणी, लग्नाच्या जेवणानंतर, परसात हे असं समोर यावं?

विजयमालाबाईंनी त्यांचा चेहरा ओळखला. "हवीय ना? मग गप्प राहा. मी मोडून घेते फांदी पदराआड. चोरलेलं कलम हमखास लागतं."

सुलाबाईला हे रिवाज ठाऊक होते. तिनं आपणहून तोंड भिंतीकडं केलं आणि रचलेल्या शेण्या उगाच सारख्या करत बसली. "माझी पाठ हाय बगा," ती हसत म्हणाली. "मला काय दिसत न्हाई."

मोकळेपणानं चोरी करू द्यायची, हे दोघींत ठरून गेलं होतं. लालासाहेबांना मात्र ते बरं वाटेना. प्राचार्यपदावरून उतरलेल्या माणसानं परक्याच्या परसात चोरी करायची?

"सुलाबाई," ते म्हणाले, "याची एक फांदी द्याल का आम्हाला?"

तिचे हात थांबले. ती वळली तेव्हा हसत नव्हती.

"मागितलासा व्हय?"

"म्हणजे... हरकत नसेल तर."

"मागितल्यावर न्हाई कसं म्हनू, आवं? सवाष्णीसंगट आलाय. पर मागून नेल्यालं झाड देण्याघेण्यात येतंय. चोरून न्हेलं असतं तर मोकळं हुतासा."

"मग मी तुम्हाला लुगडं पाठवतो."

"लुगड्यानं फिटत न्हाई त्ये," सुलाबाई म्हणाली आणि तिनं फांदी मोडून त्यांच्या हातात दिली. मोडल्या जागेतून दूध ठिबकत होतं. सोप्यातून हरिबा त्यांच्याकडं बघत होता. बघत होता की त्यांच्यामागच्या झाडाकडं, ते काही लालासाहेबांना कळलं नाही.

२

पेन्सिलीएवढ्या जाडीचा पक्क्या लाकडाचा तुकडा, डोळ्याच्या खाली तिरपा काप, वरची पानं निम्मी छाटलेली. चीक वाळेपर्यंत त्यांनी थांबून घेतलं. अर्धी वाळू, अर्धं पानांचं खत घालून कुंडी भरली, कलम खोचलं आणि वर काचेची बरणी पालथी घातली.

"माझी लोणच्याची बरणी!" विजयमालाबाई ओरडल्या.

"आषाढापर्यंत राहू दे."

"आषाढापर्यंत कैऱ्या काय तुमच्या टोपीत मुरवू?"

त्यांचा संसार असाच चालला होता. बाई बोलायच्या, लालासाहेब ऐकून घ्यायचे. बाईंना ताटात मीठ तसूभर सरकलेलं खपत नसे. चटणी-कोशिंबीर डावीकडं, भाजी उजवीकडं. पुण्याच्या सुनेनं एकदा ते उलटं वाढलं, तर तिला सगळं ताट पुन्हा वाढायला लावलं होतं. "डावं-उजवं कळत नाही ती बाई घर काय चालवणार?" असं म्हणून वर तिलाच पुरणपोळीत जास्तीचं तूपही वाढलं होतं.

कलमाला मुळं फुटली. आषाढात लालासाहेबांनी ते स्वयंपाकघरामागच्या कोपऱ्यात, कंपाउंडच्या भिंतीलगत लावलं. भिंत छातीपेक्षा उंच होती. पलीकडं नुसता खड्डा आणि वेड्या बाभळी. तिथं झाड वाऱ्यापासून जपलं जाईल, असा त्यांचा हिशेब होता. झाड जपलं गेलं. किंबहुना जरा जास्तच जपलं गेलं. तगर इतक्या झपाट्यानं वाढत नाही. वर्षात ते कमरेला आलं, दुसऱ्या पावसाळ्याला खांद्याला, आणि पसरून भिंतीला असं भिडलं की मागचा चुना दिसेनासा झाला.

रोज सकाळी चहाला येणारे नानासो माने हे त्यांचे जुने सहकारी, पदार्थविज्ञानाचे. ते झाडासमोर उभे राहून म्हणायचे, "काय लालासाहेब, पोरीचं बारसं कधी?"

"आधी खात्री करू दे."

"तू खात्री करेपर्यंत पोरीची पोरगी नांदायला जाईल."

नाव मनात ठरलेलं होतं. शास्त्रीय नावात 'विजयमाला' कुठं तरी बसवायचं होतं. पण बायकोला ते सांगायचा धीर त्यांना होत नव्हता. ती काय म्हणेल, ते आधीच ऐकू येत होतं.

चैत्रात फुलं आली. सगळी उजव्या पिळाची. विजयमालाबाई रोज आंघोळ करून परडी घेऊन जायच्या आणि देवाला फुलं आणायच्या. आधी पटकन जाऊन यायच्या. मग वेळ लागायला लागला.

"एवढा वेळ?"

"फुलं खूप आलीत."

परडी मात्र अर्धीच असायची. एकदा त्यांचा बोलण्याचा आवाज आला. लालासाहेबांनी खिडकीतून मान काढली. "कोणाशी बोलतेस गं?"

"झाडाशी. तुम्ही नाही बोलत? सगळी कॉलनी ऐकते."

हे खरं होतं. त्यामुळं लालासाहेबांनी मान आत घेतली.

३

त्यानंतरच्या थंडीत त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन मिरजेला झालं. पट्टी सुटली, बरणीच्या बुडासारखा जाड चष्मा आला, आणि जग जरा मोठं, जरा वाकडं दिसायला लागलं. दाराच्या चौकटी पोट काढून उभ्या होत्या. डॉक्टर म्हणाले, सवय होईल.

घरी आल्यावर पहिल्या दुपारी विजयमालाबाईंनी ताट वाढलं. लालासाहेबांनी भाजीकडं हात नेला आणि बोटं चटणीत गेली.

भाजी डावीकडं होती. चटणी उजवीकडं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"हे ताट... असं वाढलंयस?"

"असंच तर वाढते मी," त्या म्हणाल्या आणि हसल्या. भांडणात आणि कामात हरवलेलं हसू बऱ्याच वर्षांनी सापडावं, तसं हसल्या. त्यांना वाईट वाटू नये म्हणून लालासाहेब तसेच जेवले.

चष्म्याची करामत असणार, असं त्यांनी मनाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी नानासोंना आडून विचारलं.

"भिंगानं मोठं दिसेल, वाकडं दिसेल," नानासो बशीत फुंकर घालत म्हणाले. "डाव्याचं उजवं करायला आरसा लागतो, बाबा. का रे? वर्तमानपत्र उलटं वाचायला लागलास?"

वर्तमानपत्र सरळच होतं. भिंतीवरचं घड्याळ सरळ चालत होतं. विजयमालाबाई तेवढ्या तुळशीभोवती उलट्या बाजूनं फिरत होत्या. वात वळताना त्यांच्या तळव्यांची चाल उलटी होती. आणि त्या लालासाहेबांना टाकून बोलत नव्हत्या. चहा सांडला तरी, धोतराला चिखल लागला तरी, "असू द्या" म्हणत होत्या.

"नशीबवान आहेस," नानासो म्हणाले. "आमच्याकडं अजून तोफखाना चालू आहे."

लालासाहेबांना मात्र आपले वडील आठवत होते. शेवटच्या वर्षात ते आईला उंबऱ्यावर अडवायचे आणि म्हणायचे, "ही कोण बाई घरात घेतलीय? आमची कुठाय?" आई पदर तोंडाला लावून परसात जाऊन रडायची. तोच चळ आपल्याला लागत असेल तर? मग तो उच्चारायचा नाही. या बाईला रडवायचं नाही. ती विजयमालाच असली पाहिजे. दुसरी कोण असणार? तिला मुलाचं लहानपण ठाऊक होतं, बँकेतल्या लॉकरची किल्ली कुठं ठेवलीय ते ठाऊक होतं. पुराव्याच्या एका बाजूला चाळीसेक वर्षांचा संसार होता आणि दुसऱ्या बाजूला एक चटणी. कुठल्या परीक्षकानं दुसऱ्या बाजूला मार्क दिले असते?

तरी एक गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. ऑपरेशनहून आल्यापासून विजयमालाबाई झाडाकडं फिरकल्या नव्हत्या. देवाला फुलं बाजारातून येत होती. कोपऱ्यात तगर फुलून, गळून, पुन्हा फुलत होती.

"तोडून टाकू या का ते?" एका संध्याकाळी त्या गोडीनं म्हणाल्या. "भिंतीला ओल धरते."

"माझं काम आहे त्याच्यावर."

"ते का मला माहीत नाही? पण घरापेक्षा झाड मोठं का?" त्यांनी लालासाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. विजयमाला असा हात कधी ठेवायची नाही. तो हात त्यांना बरा वाटला, आणि बरा वाटल्याची त्यांना लाज वाटली.

४

उंब्रजला जाऊन ते झाड पुन्हा बघून यावं, असं त्यांनी ठरवलं. मूळ झाडाचा पीळ तपासायचा आहे, असं त्यांनी स्वतःलाही सांगितलं. विजयमालाबाईंनी अडवलं नाही. भाकरी बांधून दिली, मफलर दिला. "सावकाश या," त्या म्हणाल्या. "घाई करू नका अजिबात."

एस.टी.नं ते कराडवरून उंब्रजला उतरले. सोप्यात हरिबा बसला होता. अंग धरलेलं, चेहऱ्यावर तुकतुकी. त्यानं मान हलवून रामराम केला आणि डाव्या हातानं परसाकडं दाखवलं.

परसात तगर नव्हती. भिंत उघडी पडली होती आणि भिंतीखाली गुडघ्याहून बुटका खुंट होता, काळा पडलेला. सुलाबाई तांब्यानं त्याच्यावर पाणी घालत होती.

"मास्तर," ती म्हणाली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"झाड कुठं गेलं?"

"तोडलं."

"कोणी?"

तिनं सोप्याकडं हनुवटी उडवली. "लेकीचं बाळंतपन हुतं, म्हनून मी तिच्याकडं गेल्ते. आले तवा सरपन रचल्यालं. लय नीट रचल्यालं."

लालासाहेबांना पुढचं विचारायचं होतं आणि विचारायचं नव्हतं. ते न्हाणीच्या दगडावर टेकले.

"हरिबांची तब्येत चांगली दिसते," ते म्हणाले.

"ह्यो बरा हाय," सुलाबाई म्हणाली. "लय बरा हाय. दारू न्हाई, शिवी न्हाई. सांजच्याला दिवा बी लावतोय. त्यो कवा घरात धड जेवला न्हाई. ताट भिरकवायचा. माझा हा दात हाय न्हवं, त्येनंच पाडल्याला."

"मग," लालासाहेबांनी विचारलं, "पाणी कशाला घालताय खुंटाला?"

सुलाबाईनं तांब्या उपडा करून शेवटचा थेंब झटकला.

"त्यो माझा हुता," ती म्हणाली.

मग एकदम सासुरवाशिणीच्या अदबीनं डोक्यावरचा पदर सारखा करत तिनं विचारलं, "बाई बऱ्या हाईत न्हवं?"

लालासाहेबांनी मफलर सावरला. ते उठले. सोप्यातून जाताना हरिबा त्यांच्याकडं बघून हसला. हसण्यात काही वाईट नव्हतं. नवीन जागी बदली होऊन आलेला आणि तिथं रुळलेला माणूस हसतो, तेवढंच. सावकाश या, असं विजयमालाबाईंनी म्हटल्याचं लालासाहेबांना आठवलं, आणि ते स्टँडकडं धावत सुटले. त्या वयात जसं धावता येईल तसं.

५

घरी पोचले तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. बाहेरच्या दाराला आतून कडी होती. ते बोळातून मागं गेले.

कोपऱ्यात गुंडा उकिडवा बसून विडी ओढत होता. कॉलनीतली झाडं तोडणं, विहिरी उपसणं ही त्याची कामं. कुऱ्हाड मांडीला टेकवलेली होती. तगर उभी होती.

"कोणी बोलावलं तुला?"

"बाईसाबांनी. सकाळच्यानंच निरोप हुता." गुंडा विडी विझवत उठला. "पर तुमचं काय चाललंय त्ये काय कळंना साहेब. तोडायचं म्हंत्यात आन् मानसं फुलं काढत्यात."

"कोण फुलं काढतंय?"

"ती काय, तिकडच्या अंगानं. बायमानूस हाय. म्हनलं, त्येंचं हू दे, मग घालू घाव. पर लय सावकाश चाललंय बगा त्यांचं."

"तिकडच्या अंगाला भिंत आहे, गुंडा."

"आँ?" गुंडानं झाडाकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. "व्हय की," तो म्हणाला. मग तो एक पाऊल मागं सरला.

लालासाहेब पुढं झाले. जाड चष्म्यातून पानं फुगून मोठी दिसत होती. वारा नव्हता. पानापलीकडं पान, त्याच्या पलीकडं पान, आणि त्यांच्या मागं जिथं चुना दिसायला हवा होता, तिथं सावली होती. सावली जरा खोल होती. तिच्यात एक हात होता. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. त्या हातानं एक फूल देठापाशी धरलं, नखानं खुडलं, खाली नेलं. हात पुन्हा वर आला. दुसरं फूल धरलं. घाई नव्हती, रोजची कामं हात स्वतःच करतात, तसा तो करत होता.

"विजयमाला," लालासाहेब म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले, "विजयमाला!"

हात थांबला.

"आले, आले," पानांआडून त्रासिक आवाज आला. "गाव गोळा करू नका. दोन फुलं सुखानं काढू देत नाही हा माणूस."

तो वैताग त्यांच्या ओळखीचा होता. त्या वैतागाच्या आधारानं त्यांचं सगळं आयुष्य चाललं होतं. पुढं व्हावं म्हणून त्यांनी पाऊल उचललं, तोच स्वयंपाकघराच्या पायरीवरून, त्यांच्या पाठीमागून, अगदी मऊ आवाज आला.

"कोणाला हाक मारताय? मी इथं आहे."

त्या पायरीवर उभ्या होत्या. पदराला हात पुसत होत्या. चेहऱ्यावर काळजी होती, खरी काळजी. लालासाहेब पुन्हा झाडाकडं वळले, तर पानांमागं चुना दिसत होता. एक फूल गोल फिरत खाली पडत होतं.

"गुंडा, तू जा," ते म्हणाले. "झाड तोडायचं नाही. कधीच नाही. कोणी सांगितलं तरी."

गुंडा गेला. जाताना त्यानं बाईंकडं मान वर करून बघितलं नाही.

६

त्या दिवसापासून लालासाहेबांनी आरामखुर्ची परसात आणून टाकली. नानासोंना वाटलं, म्हाताऱ्याला शोधाचा नाद लागला. नानासोंना तसं वाटणं सोयीचं होतं. लालासाहेब घर सोडून कुठंही जात नव्हते. पेन्शनच्या कागदावरसुद्धा इथंच बसून सही करत. विजयमालाबाई त्यांना खुर्चीत चहा आणून द्यायच्या, पायावर शाल टाकायच्या. झाडाचं नाव काढत नव्हत्या. त्यांना वेळ होता, असं त्यांच्याकडं बघून वाटे.

लालासाहेब रोज झाडाला पाणी घालायचे. घालून झालं, की कान देऊन उभे राहायचे. इकडचा तांब्या रिता झाल्यावरही पाणी मुरल्याचा आवाज जरा वेळ येत राहायचा, पलीकडून. ती माती चुळचुळ पाणी पीत असायची. म्हणजे तिकडंही कोणी तरी झाड जगवत होतं. एवढ्यावर त्यांचा दिवस जायचा. आपल्याला चळ लागलाय, हे ते रोज एकदा मान्य करायचे, आणि पुन्हा तांब्या भरायचे.

वैशाखातल्या एका दुपारी पाण्याचा आवाज थांबला आणि पानं आतून हलली. लालासाहेबांनी उजव्या हातानं फांदी बाजूला केली. सावली पुन्हा खोल झाली होती. पीळ, पान, चीक... ओळख पटवण्याचे सगळे नियम त्यांच्या डोक्यात रांगेनं उभे राहिले. खात्री करायला हवी होती. या वेळी त्यांनी खात्री केली नाही. डावा हात खांद्यापर्यंत आत घातला.

भिंत लागली नाही. बोटं लागली. गार, ओली, माती लागलेली. त्यांनी ती घट्ट धरली.

"ये," ते म्हणाले. "विजयमाला, चल घरी. तू काय हवं ते बोल मला."

त्यांनी ओढलं. पलीकडूनही ओढ लागली. त्यांनी जोर वाढवला तसा तिकडचा जोर वाढला, ते दमले तसा तोही दमला. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. एरवी हात हातात घेतला, की अंगठे एकमेकांना अडकतात. इथं आरशाला हात लावावा तसा अंगठ्यावर अंगठा आला होता, बोटावर बोट. मनगट बारीक होतं, म्हातारं, केसाळ. त्यावर बांगड्या नव्हत्या. त्यांच्या स्वतःच्या मनगटावर होता तसाच घड्याळाचा चामड्याचा पट्टा होता.

तो माणूस तिकडून धापा टाकत होता. त्यालाही त्याची बायको परत हवी होती. लालासाहेबांना त्याच्याबद्दल वाटली एवढी माया कधी कोणाबद्दल वाटली नव्हती. तरीही त्यांनी हात सोडला नाही, आणि त्यानंही सोडला नाही.

पायरीवर पावलं वाजली. त्यांच्या खांद्यावर तो मऊ हात आला.

"सोडा आता," ती म्हणाली.

आणि पानांच्या आतून, त्याच क्षणी, त्रासिक तरी न रागावलेल्या आवाजात, कोणी दुसऱ्याच माणसाला समजावीत म्हणालं, "सोडा आता, अहो."

लालासाहेब वाट बघत राहिले. पानांआडून तिनं आपल्याला हाक मारावी, नावानं नको, नुसतं ओरडावं. पलीकडचा श्वासही थांबलेला होता. तोही ऐकत होता.

कोणीच काही बोललं नाही. ऊन फार होतं. पहिल्यांदा कोणाची बोटं सैल झाली, ते त्यांना कळलं नाही.